लावून राह्यले का धुवून राह्यले?

आमच्या उमरखेडात विहिरीच्या पाण्याची परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा लागत नसे. तुरीची डाळ चुलीवर चढवायची. तासाभरानंतरही दाणा बोटाखाली टणक लागला की घरातली म्हातारी निकाल द्यायची, पाणी जड आहे. दुसरी परीक्षा धुण्याच्या दगडावर व्हायची. साबण घासून हात भरून आले तरी फेस उठत नाही, उलट कपड्यावर राखाडी चिकट थर बसतो, ते पाणी जड. कोणत्या विहिरीचं पाणी स्वयंपाकाला आणि कोणतं नुसतं सड्याला, हे बायकांना पाठ असे. पुरुषांनी मात्र या शहाणपणाचा दाढीसाठी कधी उपयोग केला नाही. दाढीचा साबण महिन्या-दीड महिन्यात संपला की त्यांचा निकाल ठरलेला असतो, ‘आजकाल मालच हलका येतो.’

मीही त्यातलाच होतो. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची दाढी करायला न्हावी घरी यायचे. एकदा त्यांच्या मदतीसाठी म्हणून मी ब्रश तांब्यात बुचकळला आणि निथळता तसाच साबणाच्या वडीवर गोल गोल फिरवू लागलो. वाटीच्या काठावरून पांढरं पाणी ओघळून माझ्या मनगटापर्यंत आलं. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि विचारलं, ‘‘भाऊ, साबन लावून राह्यले का धुवून राह्यले तुमी?’’

मग त्यांनी ब्रश माझ्या हातातून घेतला, मुठीत पिळला आणि जमिनीकडे दोनदा झटकला. ओलसर राहिलेला तो ब्रश त्यांनी वडीवर अलगद फिरवला. केसांच्या टोकांवर लोण्यासारखा घट्ट साबण चढेपर्यंत पाण्याचा एक थेंब घेतला नाही. फेस केला तो वडिलांच्या गालावर, बोटाने दोन-दोन थेंब पाणी घेत. दाढी झाली तेव्हा वाटीत पाणी नव्हतं आणि वडी जवळजवळ कोरडी होती. दाढीच्या साबणाबद्दल मी नंतर जे काही वाचलं, त्यातला निम्माअधिक भाग त्या पाच मिनिटांत येऊन गेला होता. उरलेला भाग, तसं का होतं, हा.

आधी हिशेब करू. चांगल्या, घट्ट फेसासाठी ब्रशवर साधारण अर्धा ते एक ग्रॅम साबण पुरतो. म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीत १०० ते २०० दाढ्या व्हायला हव्यात. रोज दाढी करणाऱ्याला तीन ते साडेसहा महिने, दिवसाआड करणाऱ्याला त्याच्या दुप्पट. तुमची वडी यापेक्षा फार लवकर संपत असेल तर उरलेला साबण तोंडाला न लागता दुसरीकडेच गेला. त्याला जायला वाटाही फार नाहीत. एक तर तो मोरीत वाहून गेला, नाही तर डबीच्या तळाशी भिजून लगदा झाला, नाही तर जड पाण्याने खाल्ला.

या तिसऱ्या वाटेकडे आधी वळतो, कारण आमच्या भागात तिचीच चर्चा जास्त होते. उमरखेडच्या आसपासची जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. पाणी या खडकाच्या फटींतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतं. विहीर किंवा बोअर जितकी खोल, तितकं पाणी खडकात जास्त काळ राहिलेलं, म्हणून बहुधा जास्त जड. साबण म्हणजे तेलातल्या आम्लाचा सोडियम किंवा पोटॅशियमशी झालेला संसार. जड पाण्यातलं कॅल्शियम हा संसार मोडतं आणि त्या आम्लाला स्वतःशी बांधून घेतं. त्यातून तयार होणारा पदार्थ पाण्यात विरघळत नाही आणि फेसही देत नाही. बादलीच्या काठाला दिसणारी राखाडी साय ती हीच.

किती साबण असा वाया जातो, हे गणिताने काढता येतं. एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा सहा ग्रॅमपेक्षा थोडा अधिक साबण निकामी करतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं, असं तेच मानक सांगतं. आता फेस करायला ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी लागलं असं धरू. ते ६०० च्या जडपणाचं असेल तर सुमारे ०.११ ग्रॅम साबण मरतो. अर्ध्या ग्रॅमवर हा पाचवा हिस्सा झाला. २०० च्या पाण्यात हाच तोटा बाराव्या हिश्श्याहूनही कमी.

पाचवा हिस्सा थोडा नाही, पण वडी निम्म्या काळात संपण्याचं खापर त्यावर फोडता येत नाही. जड पाण्याचा खरा उपद्रव वेगळा आहे. फेस विरळ पडतो, लवकर बसतो आणि माणसाला वाटतं साबण कमी पडला. तो पुन्हा वडीवर ब्रश घासतो, पुन्हा पाणी घेतो. म्हणजे पाण्याने खाल्लेल्या साबणापेक्षा आपण घाबरून घेतलेला साबण जास्त.

यावरचा उपाय इतका सोपा आहे की सांगायला संकोच वाटतो. दाढीच्या फेसाला दोन चमचे पाणी लागतं, बादलीभर नाही. आता गावातल्या बहुतेक घरांत आरओचा जार येतो किंवा भिंतीवर यंत्र असतं. त्यातलं अर्धी वाटी पाणी फेसापुरतं घ्यावं आणि तोंड धुवायला नळाचं वापरावं. जार नसेल तर पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून, निवू देऊन वरचं निवळ घ्यावं. जडपणाचा एक भाग, बायकार्बोनेटचा, उकळल्यावर खाली बसतो. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरं कवच चढतं ना, ते हेच. जून ते सप्टेंबर तर पन्हळीखाली ठेवलेल्या पातेल्यातलं पाणी फुकट आहे, आणि त्यात साबण किती चटकन फुलतो हे एकदा पाहाच. पहिल्या एक-दोन पावसांत छपराची धूळ येते, तेवढं पाणी सोडून द्यावं.

पाणी मऊ करायला धुण्याचा सोडा टाकावा, असा सल्ला कोणीतरी देतंच. कपड्यांना तो ठीक आहे. मुळात साबणच अल्कधर्मी, त्यात सोडा टाकून तो ताज्या खरवडलेल्या गालावर लावणं म्हणजे आग विकत घेणं. लिंबू तर मुळीच नको. आम्लाने साबण फुटतो, त्यातलं तेलकट आम्ल मोकळं होतं आणि फेस जागेवर बसतो.

दाढीच्या साबणात अंगाच्या साबणापेक्षा वेगळं काय असतं? आमच्याकडे अंगाच्या वडीवरच ब्रश घासून दाढी करणाऱ्यांची एक अख्खी पिढी होऊन गेली, आणि त्यांचं काही अडलं नाही, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन गोष्टींत आहे. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं. हे साधारण ६९ अंश सेल्सियसला वितळणारं, मेणासारखं घट्ट आम्ल. त्याचे बुडबुडे बारीक, दाट आणि टिकाऊ होतात. खोबरेल तेलाच्या साबणाचे बुडबुडे झटकन येतात, मोठे असतात आणि तितक्याच झटकन फुटतात. अंघोळीला ते छान, पण वस्तरा हनुवटीपर्यंत पोचेतो गाल उघडा पडतो. दुसरी गोष्ट क्षाराची. अंगाची वडी सोडियमची, म्हणून टणक. दाढीच्या साबणात बहुधा पोटॅशियमही घालतात, त्यामुळे तो मऊ राहतो आणि थोड्या पाण्यात सुटतो. हाच गुण त्याचा वैरीही आहे. थोड्या पाण्यात सुटतो म्हणजे थोड्या पाण्यात भिजूनही जातो. टाकीच्या नळाखाली उघडी ठेवलेली दाढीची वडी अंगाच्या वडीआधी विरघळते, ती यामुळे.

जुन्या खेड्यातल्या न्हाव्याला तर साबणाची गरजच नसे. धोपटीत वस्तरा, कात्री, चिमटा, आरसा आणि एक पितळी वाटी. वाटीत पाणी घ्यायचं आणि बोटांनी दाढीत इतकं चोळायचं की समोरच्याला डुलकी लागावी. गंमत अशी की या पद्धतीत दाढीतली मुख्य गोष्ट बरोबर साधलेली होती. केस कापायला सोपा होतो तो पाण्याने. पाणी शोषून तो फुगतो, मऊ पडतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटं वेळ लागतो. साबणाचं काम ते पाणी केसाभोवती धरून ठेवणं आणि पातं घसरतं ठेवणं, एवढंच. अंघोळीनंतर लगेच, चेहरा ओला असतानाच दाढी केली तर साबण कमी लागतो, कारण निम्मं काम आधीच झालेलं असतं. कोरड्या गालावर फेसाचा डोंगर रचून काही साधत नाही.

न्हाव्याचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. आमचा तालुका पैनगंगेच्या काठाचा. नदीच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख. वऱ्हाडात न्हाव्याला म्हाली म्हणतात, मराठवाड्यात वारीक. आमच्या कानावर दोन्ही शब्द पडतात. संत सेना महाराजांनी आपल्या अभंगात स्वतःसाठी वारीक हाच शब्द वापरला आणि धंद्याची सगळी हत्यारं विवेक-वैराग्याच्या कामाला लावली. त्या हत्यारांत साबण नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता मूळ कृतीकडे. ब्रश कोमट पाण्यात मिनिटभर भिजवायचा, पिळायचा, झटकायचा. पाणी टपकत नाही पण हाताला ओलं लागतं, इतपत. वडीवर जोर न देता वीस-पंचवीस फेरे. दिसायला हवा घट्ट, चमकदार लेप. बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं आणि तुम्ही वडीवरच फेस करत आहात. इथेच बहुतेक साबण वाया जातो. वडीवर उठलेला फेस वडीबरोबर डबीत बंद होतो किंवा नळाखाली धुतला जातो, तोंडापर्यंत येत नाही. वडीचं काम ब्रशला लेप देऊन संपलं पाहिजे. पुढचं काम गालावर किंवा वेगळ्या वाटीत. त्यात काटकसर पाहिजे तर गाल बरा, कारण वाटीला चिकटलेला फेस शेवटी मोरीतच जातो. लेप गालावर पसरला की ब्रशच्या टोकाला दोन थेंब पाणी, पुन्हा फिरवा, पुन्हा दोन थेंब. चौथ्या-पाचव्या वेळी फेस दह्यासारखा होतो. दोन बोटांत घेऊन चोळला तर बोटं सहज घसरली पाहिजेत. साबण वाढवायची घाई करण्याआधी दोन थेंब पाणी वाढवून पाहायचं, हा एक नियम पाळला तरी फरक दिसतो.

उन्हाळ्यात हा नियम जास्तच खरा. एप्रिल-मेमध्ये इथली हवा अशी कोरडी असते की एका गालाची दाढी होईतो दुसऱ्या गालावरचा फेस पापुद्र्यासारखा सुकतो. लोक त्यावर आणखी साबण चढवतात. साबण तिथेच असतो, उडालेलं असतं ते पाणी. ओला ब्रश नुसता फिरवला की तोच फेस जिवंत होतो. त्याहून बरं म्हणजे एका वेळी अर्ध्याच चेहऱ्याला लावावं आणि पंख्याखाली किंवा कूलरसमोर दाढी करू नये. या दिवसांत वडी वाळून तडकते, तुकडा निसटून मोरीत जातो. तेव्हा डबीचं झाकण लावून ठेवलेलं चांगलं. दाढीआधी पाच मिनिटं वडीवर चमचाभर कोमट पाणी ओतून ठेवलं तर वरचा थर मऊ होतो. ते पाणी फेकू नका. त्यात साबण उतरलेला असतो, दाढीला चोळायला ते उत्तम.

पावसाळ्यात सगळं उलटं. वडी दिवसभरात सुकतच नाही आणि तळाशी बुळबुळीत लगदा साचतो. या चार महिन्यांत साबणाची डबी न्हाणीघरात ठेवणाऱ्याने साबणाच्या किमतीबद्दल बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती खिडकीत किंवा स्वयंपाकघराच्या फळीवर उघडी ठेवावी, वडी जाळीवर किंवा दोन काड्यांवर उचललेली. थंडीचं दुखणं किरकोळ आहे. स्टिअरिक आम्लाचा साबण गार पाण्यात नीट सुटत नाही, म्हणून माणूस वडी घासत बसतो. पाणी कोमट करून घेतलं की झालं.

ब्रशमुळेही साबण कमी-जास्त लागतो. बिज्जूच्या केसांचा ब्रश पाणीही खूप धरतो आणि साबणही पोटात ठेवून घेतो. डुकराच्या केसांचा राठ ब्रश वापरून वापरून मऊ होतो आणि मगच चांगला फेस देतो. कृत्रिम धाग्याचा स्वस्त ब्रश पाणी शोषत नाही, झटकला की सुटतो आणि त्याला साबण सगळ्यात कमी लागतो. हौस म्हणून काहीही घ्या, काटकसर हवी तर हा तिसरा. कोणताही असो, दाढीनंतर धुऊन, झटकून, टोकं खाली करून टांगावा. ब्रशच्या स्वच्छतेला एक भयंकर इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या नीट निर्जंतुक न केलेल्या केसांचे ब्रश वापरून ब्रिटन-अमेरिकेत कित्येकांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाला. १९२० साली ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली ती यामुळेच.

ट्यूबमधलं क्रीम वापरणाऱ्यांना वाटेल, आपला यात काय संबंध? संबंध तोच. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लांब वळी काढायची गरज नाही. बदामाएवढं क्रीम, ओलसर ब्रश, आणि पाणी थेंबाथेंबाने. ट्यूब संपली असं वाटेल तेव्हा ती कात्रीने मधोमध कापा, आठवडाभराचं क्रीम आत असतं. डब्यातला आयता फेस मात्र काटकसरीच्या बाहेरचा. त्यात बहुतांश पाणी आणि ढकलायला वायू, आणि ते पाणी आपण साबणाच्या भावाने घेतो.

तुरटीबद्दल एक इशारा. दाढीनंतर ओल्या गालावर तुरटी फिरवण्याची आपली सवय उत्तम आहे, बारीक कापलं असेल तर रक्त थांबतं. पण तुरटीतलं ॲल्युमिनियमही कॅल्शियमसारखंच साबणाला धरून बसतं. तुरटीचा हात ब्रशला किंवा वडीला लागला तर फेस फाटतो. तुरटी वेगळ्या खणात ठेवा.

शेवटी ब्रशमध्ये उरलेला फेस. तो पिळून चष्म्याच्या काचांना चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसा. डिसेंबरच्या सकाळी चहाच्या वाफेने काचा धुरकटत नाहीत, हेल्मेटच्या काचेलाही हे चालतं. वडीचा पातळ तुकडा उरला की आया-बाया अंगाच्या साबणाचं करतात तेच करावं. ओला करून नव्या वडीच्या पाठीवर दाबावा, रात्रीत चिकटतो. दोन-तीन तुकडे साठले असतील तर किसणीवर किसून, चमचाभर गरम पाणी शिंपडून वाटीत दाबून बसवावे. नव्या वडीइतका चांगला फेस देतात. फक्त किसणी कोणाची घेतली हे घरात आधी सांगा.

आता तुमच्याकडून एवढंच हवं आहे. पुढची वडी उघडाल त्या दिवशी डबीच्या तळाला बॉलपेनने तारीख लिहा. संपेल त्या दिवशी पुन्हा लिहा. त्यानंतरच्या वडीला ब्रश पिळून, झटकून सुरुवात करा, आणि तिच्या तारखा पहिल्या तारखांच्या खाली लिहा.